सौर पॅनेलची नाडी

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भवानीनगर हे गाव आहे. येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. नीरा डाव्या कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर या भागात ऊस पिकतो. पाणी उपसायला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. आता काही शेतांत ही वीज सौर पॅनेलपासून मिळते.

मुलांनो, मोटर बिघडली की तिचा आवाज बदलतो. इंजिन बिघडले की धूर निघतो. सौर पॅनेल मात्र मुके असते. बिघाड झाला तरी ते पहिल्यासारखेच चकाकते. पाणी कमी येऊ लागले की शेतकऱ्याला वाटते, विहीर आटली. इकडे ऐन उन्हाळ्यात ऊस सुकू लागतो आणि खरा दोष असतो पॅनेलमध्ये!

पॅनेल म्हणजे सौरघटांची माळ. सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. एका घटापासून सुमारे अर्धा व्होल्टच मिळतो. म्हणून अनेक घट एकापुढे एक जोडतात. अरुंद वाटेने उसाच्या बैलगाड्यांची रांग चालली आहे, अशी कल्पना करा. एक गाडी अडली की मागच्या साऱ्या गाड्या थांबतात. तसेच एका घटावर सावली पडली, तर सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. तो घट तापतो, कधी जळतोही. म्हणून पॅनेलमध्ये डायोड बसवतात. अडलेल्या घटांना वळसा घालून प्रवाह त्यातून पुढे जातो.

मग बिघाड ओळखावा कसा? हकीम रोग्याची नाडी पाहतात. तसेच इलेक्ट्रॉनिक यंत्र पॅनेलची नाडी पाहते. ते व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि उन्हाचा जोर मोजते. एवढ्या उन्हात किती वीज मिळायला हवी, याचा हिशेब ते करते. वीज कमी भरली तर सूचना देते. आकडे कारणही सुचवतात. प्रवाह दिवसेंदिवस घटत गेला, तर बहुधा धूळ साचली आहे. रोज ठरावीक वेळीच घटला, तर झाडाची सावली पडते आहे. एकदम शून्य झाला, तर तार तुटली असेल किंवा फ्यूज उडाला असेल. पॅनेल तापले की वीज थोडी कमी होतेच; तो बिघाड नव्हे. हा फरक कळावा म्हणूनच तापमान मोजतात.

शेजारच्या बारामती तालुक्यात शिरसुफळ येथे महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प आहे. मोठ्या प्रकल्पांत हजारो पॅनेल असतात. तेथे एका रांगेची वीज दुसरीशी ताडून पाहिली, की दोष कोठे आहे ते सापडते. केंद्र शासनाने 2019 साली पीएम-कुसुम योजना सुरू केली. तिच्यातील सौर पंपांवर दुरून देखरेख करणारी यंत्रणा बसवण्याची अट आहे. पंपाची माहिती मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकावर पोहोचते.

पण यंत्र फक्त बातमी देते. धूळ पुसायला माणसालाच जावे लागते. हे काम सकाळी, पॅनेल थंड असताना करावे. तारांना मात्र हात लावू नये. पंप बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज तयार असते. ते काम जाणकारावरच सोपवावे.

शब्दार्थ : उपसणे – पाणी बाहेर काढणे. ताडून पाहणे – तुलना करणे. जाणकार – माहितगार.

स्वाध्याय :
1. सौर पॅनेलला मुके का म्हटले आहे?
2. प्रवाह एकदम शून्य झाला, तर काय झाले असेल?