आधी स्लॉट बघ

पुणे

चि. सानिका,

अण्णांचा ४८६ कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवलास आणि तो सुरूही झाला, हे वाचून फार बरं वाटलं. आता त्यात ६५ हजार रंगांचं कार्ड घालायचं म्हणून तू चार कार्डांचे फोटो पाठवलेस. पण मला आधी बघायचा होता तो मदरबोर्ड. चारांतली दोन कार्डं एजीपीची आहेत. एजीपी बाजारात आली १९९७ च्या सुमारास. तो स्लॉट ४८६ वर शोधूनही सापडायचा नाही.

झाकण काढ. नुसते लांब काळे स्लॉट दिसले तर आयएसए. काळ्याच्या पुढे त्याच रेषेत तपकिरी तुकडा जोडलेला असेल, तर ती व्हेसा लोकल बस, आणि मग नशीब तुझं. २५६ रंगांत एका ठिपक्याला एक बाइट लागतो, ६५ हजार रंगांत, म्हणजे हाय कलरमध्ये, दोन. म्हणजे ओझं दुप्पट. आयएसए १६ बिटांची, आठेक मेगाहर्ट्झवर रखडते. लोकल बस ३२ बिटांची आणि बहुधा ३३ मेगाहर्ट्झची. (प्रोसेसरवर ६६ लिहिलेलं असलं तरी बस ३३ चीच, तो आकडा त्याच्या पोटातला.)

मेमरीचा हिशोब मात्र विकणाऱ्यावर सोडू नकोस. मी सोडला होता. लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं, खोक्यावर ठळक ‘३२ हजार रंग’. घरी लावलं तर ६४० बाय ४८० वर २५६ च्या पुढे जाईना. कार्डावर मेमरी ५१२ केबी, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. आणि ६४० गुणिले ४८० गुणिले २ होतात ६,१४,४००. खोक्यावरचं खोटं नव्हतं म्हणा; ३२० बाय २०० च्या जाड्याभरड्या ठिपक्यांत सगळे रंग दिसत होते! तेव्हा किमान १ एमबी घे. त्यात ८०० बाय ६०० चे ९,६०,००० बाइट जेमतेम मावतात. १०२४ बाय ७६८ हवं असेल तर २ एमबी, पण अण्णांच्या मॉनिटरला ते झेपेलसं वाटत नाही.

आयएसए निघाली तर त्सेंग लॅब्जच्या ईटी४००० चं कार्ड बघ. त्यात एक मेख आहे: रंग मॉनिटरकडे पाठवणारी डॅक चिप वेगळी असते, आणि तीच साधी असली तर गाडी २५६ वरच अडते. त्या चिपचा फोटो मागून घे. लोकल बस असेल तर सिरस लॉजिकचं ५४२८ डोळे मिटून घे. त्याची डॅक मुख्य चिपमध्येच आहे.

एक विचारू का? हे सगळं डॉसच्या गेमसाठी असेल, तर खर्च वाया. त्यातले बहुतेक २५६ रंगांतच काढलेले आहेत. नवं कार्ड त्यांना एकही रंग वाढवून देणार नाही. फोटो बघायचे असतील तर गोष्ट वेगळी, चेहरे एकदम जिवंत होतात. आभाळात थोडे पट्टे दिसतील, ते चालवून घे.

लोकल बसचं कार्ड लांब असतं. दाबताना बोर्ड वाकतो, खालून आधार दे. आणि पैसे पाठवण्याआधी मला बोर्डाचा फोटो पाठव.

तुझा,
मामा