पेशींची बेटे

कापडावर वेलबुट्टी छापणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. लाकडी ठसा रंगात बुडवून तो कापडावर टेकवतो. ठसा जेथे टेकतो तेथे फूल उमटते. उरलेले कापड कोरे राहते. हीच युक्ती योजून शास्त्रज्ञांनी जीवनमरणाचा एक प्रश्न सोडविला.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्यांतील पुष्कळ पेशींना जगण्यासाठी कशाला तरी चिकटून राहावे लागते. हा आधार त्यांना भोवतालच्या प्रथिनांकडून मिळतो. प्रथिन म्हणजे लहान लहान घटकांची गुंफलेली लांब माळच होय. अशा माळेला बहुवारिक म्हणतात.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांचे सहकारी यांनी रबरासारखा मऊ ठसा तयार केला. काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर त्यांनी एका रसायनाची नक्षी उमटविली. या नक्षीला प्रथिन चिकटत असे. उरलेल्या जागी प्रथिनाला थारा न देणारे दुसरे रसायन लावले. अशा रीतीने, केसाच्या जाडीहूनही अरुंद अशी प्रथिनांची बेटे काचेवर निर्माण झाली.

1997 साली क्रिस्टोफर चेन, डोनाल्ड इंगबर, व्हाइटसाइड्स प्रभृतींनी केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी या बेटांवर ठेवल्या. मोठ्या बेटावरील पेशी ऐसपैस पसरली व वाढू लागली. लहान बेटावरील पेशी मात्र आखडून बसली आणि अखेर मरण पावली.

लहान बेटावर प्रथिनच कमी पडले, म्हणून तर ती मेली नसेल? ही शंका फेडण्यासाठी त्यांनी चिकटण्याची एकूण जागा तेवढीच ठेवली. परंतु ती अनेक सूक्ष्म ठिपक्यांत विभागून ठिपके दूर दूर छापले. तेव्हा एकाच पेशीने अनेक ठिपक्यांवर पाय रोवले, ती ताणून पसरली आणि जगली! पेशीचे जगणे केवळ आधार किती यावर नव्हे, तर तिला पसरता किती येते यावरही अवलंबून असते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

जखम भरून येताना नव्या केशवाहिन्या फुटतात. कर्करोगाची गाठही नव्या रक्तवाहिन्यांवरच पोसते. म्हणून अशा पेशी केव्हा वाढतात व केव्हा मरतात, हे जाणणे वैद्यकास अगत्याचे आहे. आज अशाच छापांवर पेशींना हवा तो आकार देऊन औषधांचे परिणामही तपासले जातात. ठशाची कला जुनीच. तिला नवा प्रश्न विचारणारी बुद्धी मात्र नवी होती.

स्वाध्याय
1. लहान बेटावरील पेशी का मेली?
2. ठिपके दूर दूर छापून शास्त्रज्ञांनी कोणती शंका दूर केली?