मटाराच्या नावाखाली

सालीसकट खायचा मटार घरी लावायचा असेल, तर माती-खताच्या आधी बियांची चौकशी करा. "गोड मटार, सालीसकट खातात तो," असं रोपवाटिकेत स्पष्ट सांगूनही माझ्या हातात पडलं ते 'स्वीट पी'चं पाकीट. त्यावर रंगीबेरंगी फुलं छापलेली होती, म्हणून मी पुन्हा विचारलं. "ताई, मटारालाही फुलं येतातच की," दुकानदार म्हणाला. येतात खरी.

वेल वीतभर झाले तेव्हा सासूबाई गच्चीवर आल्या. त्यांचं माहेर सासवडकडचं, पुरंदरच्या वाटाण्यातच त्या वाढलेल्या. त्यांनी एक वेल बोटांत धरून उलटसुलट पाहिला. "अगं, हा वाटाणा नव्हे. वाटाण्याच्या पेराला मोठाली पानं कशी मिठी मारून बसलेली असतात, ती कुठायत? आणि दांड्याला ही पट्टी कसली?"

अगदी बरोबर. स्वीट पीच्या खोडाला दोन्ही बाजूंनी चपटी पट्टी असते, पानात पानांची एकच जोडी असते आणि पुढे शेंगांवर लव येते. मटाराचं खोड गुळगुळीत, पोकळ. पानात दोन-तीन जोड्या, आणि पेरापाशी पानांपेक्षाही मोठी उपपर्णं. हा फरक ओळखता आलाच पाहिजे, कारण स्वीट पी हे शोभेचं, सुवासाचं फूल आहे. त्याच्या शेंगा आणि बिया विषारी असतात. त्यांतलं द्रव्य हाडं आणि सांध्यांचे बंध बिघडवतं. विदर्भातली लाख याच कुळातली, तीही सतत खाल्ली तर पाय लुळे पडतात. मुलं गच्चीवर जाता-येता शेंग तोडून तोंडात टाकतात, त्या घरात तर हे दोन वेल शेजारी लावूच नयेत.

म्हणून दुकानात 'गोड मटार' म्हणू नका. 'स्नो पी' किंवा 'शुगर स्नॅप' असं नावानं मागा. पंजाब कृषी विद्यापीठाचा 'मीठी फली' हा वाणही सालीसकट खायचाच आहे. पाकिटावर वाणाचं नाव नसेल तर ते परत करा. बियांवर गुलाबी-हिरवी पूड असेल तर ते औषध असतं. हात धुवा आणि उरलेलं बी डब्यात, डाळींजवळ ठेवू नका.

दुसरी फसवणूक निरुपद्रवी, पण चिडचिड करणारी. साधा मटार लावून कोवळ्या शेंगा सालीसकट परतल्या, तर चावून चावून चोथा थुंकावा लागतो. साध्या मटाराची शेंग उघडून सालीच्या आतली बाजू नखानं खरवडा, चकचकीत चिवट पापुद्रा सुटून येतो. लहानपणी तो सोलून उरलेली साल आपण खायचो, तोच. सालीसकट खायच्या जातींत हा पापुद्रा नसतो. मेंडेलनं 1866 साली छापलेल्या निबंधात वाटाण्याचे जे सात गुण तपासले, त्यात शेंग फुगीर की दाण्यांवर आवळलेली, हाही होता. ती आवळलेली शेंग म्हणजे बिनपापुद्र्याची.

लावणीचं फार अवघड नाही. पुण्या-नाशकाकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर ही वेळ. घाई केलीत तर ऑक्टोबरच्या उन्हात रोपं वाळतात, उशीर केलात तर फेब्रुवारीच्या तापाला फुलं गळतात. बी इंचभर खोल, तीन बोटं अंतरावर टोचा. शेणखत बेतानंच, युरिया अजिबात नको. नाहीतर नुसता पाला माजतो. कोंब वर येताना चिमण्या आणि बुलबुल ते खुडतात, तेवढे दिवस जाळी घाला.

आधार मात्र जाड बांबूचा देऊ नका. मटाराचे तणावे बारीक असतात, त्यांना जाड काठीला वेढा घालता येत नाही. तुराट्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर सुतळीची जाळी. शुगर स्नॅपच्या उंच जाती डोक्यापर्यंत जातात.

दिवसा ऊन, रात्री गारठा अशा दिवसांत पानांवर भुरी येते. पिठासारखे ठिपके दिसताक्षणी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारा. कडक उन्हात फवारलंत तर पानं करपतात. वेल दाट झाला असेल तर खालची पानं काढा, वारा खेळू द्या.

तोडणीत आळस परवडत नाही. स्नो पी चपटी असतानाच, आत दाण्यांची नुसती चाहूल दिसली की तोडायची. शुगर स्नॅप उलट भरू द्यायची, गोल, टणक होईपर्यंत. दिवसाआड वेल चाळा. शेंगा वेलावर जून झाल्या की तो नवी फुलं धरायचं सोडतो. तोडताना एका हातानं वेल धरा, हिसडा दिलात तर पेरच तुटून येतं.

शिजवताना घेवड्यासारखी दोन्ही कडांची शीर ओढून काढा, मग तेलात मोहरी-लसणाची फोडणी, मोठा गॅस, मीठ, दोन मिनिटं. झाकण ठेवू नका, रंगही जातो आणि कुरकुरीतपणाही.