शिंपल्यातील विष कसे ओळखतात?

कोकणातील खाड्यांतून तिसऱ्या, कालवे, खुबे आणि शिणाणे गोळा करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी दोरीवर शिणाण्यांची शेतीही केली जाते. या मालाला खाद्य घालावे लागत नाही. शिंपला दिवसभर पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ खातो, हा या धंद्याचा मोठा फायदा आहे. धोकाही त्यातच आहे. सूक्ष्म शेवाळाच्या काही मोजक्या जाती तीव्र विष तयार करतात. ते शिंपल्याच्या मांसात साठते. शिंपल्याला स्वतःला सहसा काही होत नाही, तो ताजा व टवटवीत दिसतो. खाणारा मात्र आजारी पडतो.

हे विष शोधून काढण्याचे काम कसे चालते, हे कॅनडातील एका घटनेवरून चांगले समजते. सन 1987 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावरील शेतीतले शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. प्रथम उलट्या, जुलाब व पोटदुखी, नंतर डोकेदुखी आणि भ्रम. काही वयस्कर रोग्यांना तर नुकतीच घडलेली गोष्टही आठवेना, आणि ही स्मृती पुढेही परत आली नाही. तीन रोगी दगावले.

संशयित शिंपल्यांचा अर्क पांढऱ्या उंदरांना टोचण्यात आला. त्या काळी नेहमीची चाचणी हीच होती. ओळखीचे विष असते तर उंदीर लुळे पडून श्वास कोंडून मेले असते. हे उंदीर मात्र मागच्या पायाने खांदा खाजवू लागले. लक्षण वेगळे, म्हणजे विषही वेगळे, हे तेथेच ध्यानात आले. निरीक्षकाने केवळ ‘उंदीर मेला’ एवढीच नोंद केली असती, तर पुढचा शोध लांबला असता.

हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी मग अर्काचे भाग पाडण्यास सुरुवात केली. ठिबकच्या पाइपलाइनमधील गळती शोधताना आपण एकेक व्हॉल्व्ह बंद करीत जातो, तशीच ही रीत आहे. पाण्यात विरघळणारा भाग वेगळा, चरबीत विरघळणारा वेगळा. प्रत्येक भाग उंदरावर तपासायचा, ज्यात विष निघेल त्याचेच पुन्हा तुकडे करायचे आणि बाकीचे बाजूला ठेवायचे. जोडीला निर्दोष शिंपल्यांच्या अर्काचेही तेच भाग पाडायचे, म्हणजे विषारी मालात जास्तीचे काय आहे ते दिसते. अशा रीतीने चार-पाच दिवसांतच नाव हाती आले: डोमोइक आम्ल.

गंमत अशी की हा पदार्थ नवा नव्हता. जपानमध्ये तो 1958 साली एका तांबड्या समुद्री शेवाळापासून वेगळा केला होता आणि जंतावरचे औषध म्हणून त्याची माहिती होती! प्रमाण मात्र अगदी थोडे. कॅनडातील काही शिंपल्यांत तो किलोमागे 900 मिलिग्रॅमपर्यंत निघाला. हे विष स्यूडो-निट्झशिया नावाच्या डायटममधून आले होते. डायटम असे विष तयार करतो, हे तोपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्यानंतर किलोमागे 20 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविण्यात आली.

आपल्या किनाऱ्यावर अधिक जपावे लागते ते सॅक्सिटॉक्सिन या विषाला. सन 1983 मध्ये मंगळूरजवळच्या खाडीतील शिंपले खाऊन अनेकांना विषबाधा झाली व एक मुलगा दगावला. सन 1997 मध्ये केरळात विळिंजम येथे सात जणांचा बळी गेला. या विषाने प्रथम ओठ, जीभ व बोटांची टोके बधिर होतात, नंतर हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. रोग्यास कृत्रिम श्वास देता येईल अशा रुग्णालयात ताबडतोब हलवावे. मांसात याची मर्यादा किलोमागे अवघी 0.8 मिलिग्रॅम आहे.

“चांगले शिजवून खाल्ले तर काय होते?” असे कोणीही विचारील. उंदरावरच्या चाचणीसाठी मांस आम्लात पाच मिनिटे उकळूनच अर्क काढतात आणि तरीही विष कायम राहते, यातच उत्तर आले. शिजवताना काही विष पाण्यात उतरते, पण ते कालवण आपण पितोच. तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्याने रेती जाते, विष जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते का पाहणे वगैरे उपायांवरही विसंबू नये.

पाण्याच्या रंगावरून निर्णय घेणेही धोक्याचे आहे. अरबी समुद्रात हिवाळ्यात पाणी हिरवे करणारी व रात्री लाटा चमकविणारी नॉक्टिल्युका ही विषे तयार करीत नाही, तर उलट पाणी स्वच्छ दिसत असतानाही सॅक्सिटॉक्सिन शिंपल्यात साठू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखल्यास आगाऊ सूचना मिळते, परंतु विष किती आहे हे मांस तपासल्यावरच कळते. आता उंदरांऐवजी बहुतेक ठिकाणी यंत्राने विषाचे रेणू वेगळे करून मोजतात.

पाण्याचा रंग अचानक बदलला, मासे मरून वर आले किंवा शिंपले खाऊन कोणाचे ओठ बधिर झाले, तर काढणी त्याच दिवशी थांबवावी. वेगवेगळ्या दोऱ्यांवरून, वरच्या व खालच्या भागातून, निदान 200 ग्रॅम मांस निघेल इतके शिंपले घ्यावेत. ते बर्फात ठेवून जागा, तारीख व वेळ लिहिलेल्या चिठ्ठीसह मत्स्य महाविद्यालय, रत्नागिरी येथे संपर्क साधून तपासणीची विचारणा करावी. थोडे खाडीचे पाणीही बाटलीत सोबत द्यावे. माल फेकून देण्याची घाई मात्र करू नये. पाणी निवळल्यावर बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत शिंपले विषमुक्त होतात. तोवर दोऱ्या पाण्यातच ठेवाव्यात आणि पुन्हा तपासणी करून मगच काढणी करावी.