"डोके दुखते, गोळी द्या"

शाळेच्या कचेरीतील आमच्या टेबलास एक लहानसा खण आहे. खडू, टाचण्या, शिक्क्याची शाई आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी ही सामग्री त्यात कित्येक वर्षे एकत्र नांदत आली. दुसरा तास सुरू झाला की कोणी तरी दाराशी येऊन उभे राही आणि म्हणे, "सर, डोके दुखते, गोळी द्या." आम्ही मान वर न करता खण उघडावा, गोळी द्यावी, पाण्याच्या माठाकडे बोट दाखवावे आणि पुन्हा हजेरीपटात डोके घालावे, असा क्रम चालत असे.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात नववीतील एक मुलगी अशीच पाचसहा वेळा आली. पुढे ती येईनाशी झाली, तेव्हा तिचे दुखणे गेले असे आम्ही गृहीत धरले. वस्तुतः ती घराजवळच्या किराणा दुकानातून सुट्या गोळ्या विकत घेऊ लागली होती. रोज एक, कधी दोन. दिवाळीनंतर गणिताच्या शिक्षकांच्या लक्षात आले की, ती फळ्यावरील आकडे चुकीचे उतरवून घेते. डोळे तपासले, तो दूरचे दिसत नव्हते. चष्मा आला, परंतु डोकेदुखी राहिलीच! तेव्हा डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न हा विचारला की, "बाळ, गोळ्या किती घेतेस?" तिने मोजून सांगितले, आणि तिच्या आईने तोंडाला पदर लावला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद झाल्या. पहिले काही दिवस दुखणे वाढले, मग हळूहळू ओसरले. त्या मुलीस पहिली गोळी आम्हीच दिली होती, ही गोष्ट ह्या लेखाच्या मुळाशी आहे.

जे औषध डोकेदुखीवर घ्यावे त्यानेच डोके दुखावे, हे अनेकांस खरे वाटत नाही. परंतु वैद्यकशास्त्रास हा विकार चांगला परिचित आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि दोनतीन औषधांचे मिश्रण असलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असा प्रकार तीन महिन्यांहून जास्त चालला, तर वारंवार डोके दुखणाऱ्या माणसास गोळीमुळेच नवी डोकेदुखी जडू शकते. तो ती शमविण्यास पुन्हा गोळी घेतो, आणि चक्र चालू राहते.

वेदना ही शरीराची वैरीण आहे असे आपण समजतो. वेल्लोर येथील मिशन वैद्यकीय महाविद्यालयात 1946 पासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास केला. ह्या रोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड ह्यांना आढळले ते निराळेच. त्या हातांत वेदनाच उरलेली नसते. म्हणून तापलेले भांडे धरले तरी कळत नाही, पायात खिळा शिरला तरी मनुष्य चालतच राहतो, आणि अशा दुर्लक्षित जखमांनी अवयव नष्ट होतात. वेदना म्हणजे घरावरील पहारेकरी, हे त्या बिचाऱ्यांच्या हातांनी जगास शिकविले. आमच्या विद्यार्थिनीचा पहारेकरी महिनोन् महिने "डोळे तपासा" म्हणून ओरडत होता, आणि आम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबीत होतो.

ह्याचा अर्थ वेदना मुकाट्याने सोसणे हे पुण्य आहे, असा कोणी घेऊ नये. पौलाने तीमथ्यास पोटाच्या विकारासाठी द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, तो थोडा घेण्याचा दिला. औषध आहे म्हणूनच त्यास माप आहे.

आता ह्या गोळ्यांची थोडी ओळख करून घेऊ. ॲस्पिरिन हे जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन ह्यांनी 1897 साली शुद्ध स्वरूपात तयार केले, व 1899 पासून ते बाजारात आले. परंतु ते वेदना कशी थांबविते हे कळण्यास 1971 साल उजाडावे लागले! जॉन व्हेन ह्यांनी दाखविले की, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये तयार होतात, त्यांची निर्मिती हे औषध रोखते. ह्या शोधाबद्दल 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. गंमत अशी की, हीच द्रव्ये दुखरी जागा ठणकवितात, आणि हीच जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडास रक्त पोहोचविण्यास साहाय्य करतात. म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या वर्गातील गोळ्या उपाशीपोटी वा वारंवार घेतल्यास जठरात व्रण पडू शकतो. उन्हातान्हात खेळून अंगातील पाणी कमी झाले असता घेतल्यास मूत्रपिंडास इजा होऊ शकते. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असताना तर त्या टाळाव्याच, कारण रक्तस्रावाचे भय वाढते. ताप असलेल्या मुलास वैद्याच्या सांगण्यावाचून ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून यकृत व मेंदू ह्यांस ग्रासणारा एक दुर्मिळ पण प्राणघातक विकार उद्भवू शकतो.

पॅरासिटामॉल जठरास त्या मानाने सौम्य आहे, म्हणून घरोघरी तेच असते, आणि निर्धास्तपणाही त्याच्याच वाट्यास येतो. योग्य मात्रेत ते उत्तम औषध आहे. प्रौढ माणसाने 24 तासांत 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांहून अधिक घेऊ नये, दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर असावे. मुलांची मात्रा वजनावर ठरते व ती कमी असते. ह्या औषधाचा थोडा भाग यकृतात एका विषारी द्रव्यात रूपांतरित होतो. त्या विषाचा निचरा करणारा साठा यकृताजवळ असतो, पण तो मर्यादित असतो. बरेच दिवस नीट न जेवलेल्या माणसात तो आणखी घटतो. साठा संपला की विष यकृताच्या पेशींवरच उलटते.

येथे घरातील एक चूक सांगितली पाहिजे. मुलगा तापासाठी एक गोळी घेतो, सर्दीसाठी दुसरी, अंगदुखीसाठी तिसरी. तिन्हींची नावे निराळी, वेष्टनांचे रंग निराळे. आणि आत तिन्हींत पॅरासिटामॉल! म्हणून विद्यार्थ्यांनो, मोठ्या अक्षरांतील नाव वाचून थांबू नका. त्याखालची बारीक अक्षरे वाचा. तुमचे इंग्रजी व रसायनशास्त्र तेवढ्यापुरते खचित पुरेसे आहे. मात्र किराण्याच्या दुकानात कात्रीने कापून दिलेल्या सुट्या गोळीवर ती अक्षरे नसतात.

दुकानाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. 1945 च्या औषधविषयक नियमांत पॅरासिटामॉल व ॲस्पिरिन ह्यांसारखी घरगुती औषधे परवान्यावाचून विकण्याची सवलत आहे, ती एक हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या खेड्यांसाठी. आपल्या भिवंडीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर होती! आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतले जाणारे मेफेनॅमिक आम्ल ही तर चिठ्ठीवरच देण्याची औषधे आहेत. मुलींच्या ह्या दुखण्याविषयी घरात कुजबुज होते, उपचार होत नाही. मग त्या मैत्रिणीच्या दप्तरातील गोळी घेतात. दर महिन्यास शाळा बुडण्याइतके दुखत असेल, तर आईने मुलीस डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पालकांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. यंत्रमागावर बारा तास उभे राहिलेला बाप पाळी संपताच चहाबरोबर गोळी घेतो, तेव्हा दुसऱ्या दिवसाची मजुरी त्याच्या डोळ्यांपुढे असते. परंतु मूल ते पाहते, आणि गोळी हा चहासारखाच एक पदार्थ आहे असे शिकते. चौदापंधराव्या वर्षी रात्रीची झोप चार तास, सकाळी पोटात काही नाही, दिवसभर मागांचा खडखडाट. मग डोके न दुखेल तरच नवल.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. चुकून असो, रागाच्या वा निराशेच्या भरात असो, मुलाने अधिक गोळ्या घेतल्याचे कळले तर त्यास रागावू नका, मीठपाणी पाजून ओकारी काढीत बसू नका, आणि "बरा दिसतो आहे, सकाळी पाहू" असे तर मुळीच म्हणू नका. पॅरासिटामॉलचे विष पहिला दिवसभर बहुधा गप्प असते. थोडी मळमळ, फार तर ओकारी. यकृताची खरी हानी दुसऱ्यातिसऱ्या दिवशी प्रकट होते. ह्यावर ॲसिटिलसिस्टीन हा गुणकारी उतारा आहे, आणि तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत अधिक उपयोगी पडतो. म्हणून रिकामी पट्टी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. आपल्या गावात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. मुलांनी अशी गोष्ट मित्राची गुपित म्हणूनही लपवू नये. अशा वेळी शिक्षकास मध्यरात्री उठविले तरी चालेल.

आमच्या खणात आता गोळ्यांची पट्टी नाही. एक वही आहे. डोके दुखते म्हणून कोणी आले, म्हणजे बाकावर बसवून आम्ही चार प्रश्न विचारतो: काल किती वाजता निजलास, सकाळी काय खाल्लेस, पाणी केव्हा प्यालास, फळा दिसतो का? उत्तरे वहीत उतरतात. शिपाईमामांकडे बिस्किटांचा डबा ठेवला आहे. एकच नाव महिन्यात तिसऱ्यांदा आले की घरी निरोप जातो. गेल्या वर्षी त्या वहीतून सात मुलांस चष्मे लागले.