पाकिटे छापण्याआधी

चि. मुग्धा,

नाव आधी शोधावे, मग छापावे, हा ट्रेडमार्कच्या कामातला पहिला नियम. गोड्या मसाल्याची पाकिटे छापखान्यात गेली आणि नावाशेजारी वर्तुळातला ‘आर’ही टाकला, असे कानावर आले, म्हणून हा पत्रप्रपंच. ते चिन्ह फक्त नोंदणी झालेल्या नावाला लागते. नुसता अर्ज भरून ते लावणे ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 107 खाली दंडाला पात्र आहे. तोवर ‘टीएम’ लावावे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

शोध ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट होतो. हुबेहूब तेच नाव सापडले नाही म्हणजे वाट मोकळी, असे नसते. उच्चाराला किंवा दिसायला जवळची नावेही कलम 11 खाली आडवी येतात. मालाचे नुसते वर्णन करणारे शब्द कलम 9 खाली अडकतात. ‘घरगुती चव’ कानाला गोड आहे, पण तसे म्हणायचा हक्क प्रत्येक मसालेवाल्याला आहे. एकट्याला ते मिळणे कठीण. मालाशी संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सर्वांत भक्कम.

खर्चाचा हिशेब वर्गांवर चालतो. एकूण वर्ग 45. मसाला 30 व्या वर्गात, लोणचे 29 व्या. एकाच स्वयंपाकघरातले हे दोन जिन्नस कायद्याने वेगळे बसवले आहेत, आणि शुल्क दर वर्गाला वेगळे. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर 4,500 रुपये, इतरांना 9,000. कागदी अर्जाला अनुक्रमे 5,000 आणि 10,000. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्ज फेटाळला गेला तरी शुल्क परत मिळत नाही, म्हणून शोधाआधी घाई नको.

वकिलाची किंवा एजंटाची फी याहून वेगळी, आणि तिला ठरलेला दर नाही. जाहिरातीतली स्वस्त रक्कम बहुधा अर्ज भरण्यापुरती असते. रजिस्ट्रीकडून येणाऱ्या परीक्षण अहवालाचे उत्तर आणि सुनावणी त्यात धरली आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. अहवाल हाती आल्यावर उत्तराला 30 दिवस मिळतात. ते हुकले तर अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. पुढे नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये येते आणि चार महिने हरकतीसाठी खुले राहते. हरकत आलीच तर तिची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रत्युत्तर द्यावे लागते, तेही शुल्क भरून. वकिलाचा खरा खर्च तिथे सुरू होतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते. नूतनीकरणाला ऑनलाइन दर वर्गाला 9,000 रुपये पडतात आणि तिथे लहान-मोठा भेद नाही.

पुन्हा त्या पाकिटांकडेच यावे लागते. याआधी विक्री झाली असेल तर अर्जात पहिल्या वापराची तारीख लिहावी आणि प्रतिज्ञापत्रासोबत बिले जोडावीत. आजोबांच्या दुकानाचे नाव पंचक्रोशीत चालत होते, पण नोंद नव्हती आणि बिलेही जपलेली नव्हती. त्याच नावाची दुसरी पाटी बाजारात लागली, तेव्हा दाखवायला हातात काही उरले नव्हते. त्याची रुखरुख घरात अजून आहे, आणि वरचा कडक सूर तिच्यातूनच आलेला आहे.

मसाला मात्र फार छान जमला आहे. घरात दुसरा आता कुणी मागत नाही. छपाई थांबवून नुकसान झाले तर ते आणि पहिल्या वर्गाचे 4,500 रुपये इथून भरले जातील. त्याचा हिशेब ठेवायचा नाही, आणि रात्री जागून मसाला कांडायचाही नाही.

काका