नववा प्रश्न

किशोरवयीन मुलांतील नैराश्याची लक्षणे ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रचलित आहे. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांविषयीच्या उत्तरांना शून्य ते तीन गुण देतात. २७ पैकी १० वा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी करावी लागते. केवळ गुणांवरून निदान होत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आश्रमशाळांत अनेक मुलांची घरची बोली माडिया वा गोंडी आहे. असे मूल 'मी उदास आहे' म्हणेलच असे नाही. डोके दुखते, घरी जायचे आहे, एवढेच ते सांगते. या वयात उदासीऐवजी चिडचिडही दिसते, आणि आपण मोठी माणसे तिला उद्धटपणा समजतो. म्हणून प्रश्न मुलाच्या बोलीत व एकांतात विचारावेत, असा आमचा आग्रह असतो.

नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. विचारल्याने असा विचार मनात रुजतो, ही पालकांची भीती निराधार आहे. येथे होकार आल्यास, एकूण गुण कितीही कमी असोत, मुलाशी त्याच दिवशी बोलावयास हवे व त्याला एकटे ठेवू नये. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. परंतु अरण्यातील सर्वच गावांत फोन लागतो असे नाही. होकारानंतर मुलाजवळ बसणारे जाणते माणूस ज्या शाळेत नाही, तेथे ही प्रश्नावली नेऊ नये, असे आमचे मत आहे.